सिमेंटचे पिंप आणि 'कायमची विल्हेवाट'

गेल्या वर्षी एका वैज्ञानिक परिभाषाकोशाच्या मसुद्यावर भाषाशास्त्रीय दृष्टीने अभिप्राय देण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे आले. अणुऊर्जेच्या विभागातील नोंदी वाचीत असता एका नोंदीपाशी थांबावे लागले. किरणोत्सर्गी अपशिष्ट सिमेंटमध्ये घट्ट करून जमिनीत नेहमीकरिता ठेवून देणे, ह्या क्रियेस मसुद्यात तीन ठिकाणी तीन प्रतिशब्द दिलेले होते: एके ठिकाणी 'अंतिम निक्षेप', दुसरीकडे 'स्थायी साठवण', तिसरीकडे 'कायमची विल्हेवाट'. संपादकांचे म्हणणे असे की, अर्थ एकच असल्यामुळे ह्यांतील कोणताही एक शब्द ठेवावा व उरलेले दोन गाळावेत. अर्थ खरोखर एकच आहे किंवा कसे, हे ती वस्तू जाणल्यावाचून सांगता येण्याजोगे नव्हते. म्हणून वस्तूची माहिती करून घेतली. आणि ती करून घेताना असे आढळले की, शब्दांचा निवाडा पुष्कळसा त्या पिंपात काय घडते ह्यावरच अवलंबून आहे. आपल्या विभागातील वाचकांचा रसायनशास्त्राशी परिचय शालेय पायरीवरच राहिला असेल असे गृहीत धरून ती माहिती पुढे मांडली आहे.

प्रथम 'अपशिष्ट' ह्या शब्दाखाली काय काय येते ते पाहू. सामान्य वाचकाच्या मनात येते ते अणुभट्टीतून काढलेले, अतिशय तप्त असे वापरलेले इंधन. त्यावर रासायनिक प्रक्रिया केल्यानंतर जो अतितीव्र द्रव उरतो तो वितळलेल्या काचेत मिसळून गोठवितात. आपल्याकडे तारापूर येथे अशी यंत्रणा आहे. सिमेंटचा त्याच्याशी संबंध नाही, कारण सिमेंटच्या दगडात पाणी असते, आणि तीव्र प्रारणाच्या माऱ्याखाली पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन वायू सुटतो. आपला विषय आहे तो त्याहून कितीतरी सौम्य, परंतु आकारमानाने कितीतरी मोठ्या अशा अपशिष्टाचा. अणुभट्टीचे पाणी शुद्ध करून थकलेली आयन-विनिमय रेझिने, सांडपाणी आटवून तळाशी राहिलेला दाट द्रव, रसायने घालून खाली बसविलेला गाळ, गाळण्या, जाळलेल्या कचऱ्याची राख, हातमोजे, फडकी, मोडलेले नळ, असा हा सारा पसारा होय. रुग्णालये व प्रयोगशाळा ह्यांची त्यात भर पडते.

ह्या अपशिष्टांतील क्रियाशीलतेचा मोठा भाग थोड्याच मूलद्रव्यांचा असतो. कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य ५.३ वर्षे आहे, स्ट्राँशियम-९० चे सुमारे २९, सीझियम-१३७ चे सुमारे ३०. अर्धायुष्य म्हणजे जितक्या काळात निम्मे अणू बदलून जातात तितका काळ. अशी दहा अर्धायुष्ये लोटली म्हणजे मूळ राशीचा १,०२४ वा हिस्सा उरतो. सीझियमच्या बाबतीत हा काळ ३०० वर्षांचा होतो. पृष्ठभागाजवळ पुरावयाच्या अपशिष्टाविषयी जगातील नियमांत वारंवार येणारा तीनशे वर्षांचा आकडा येथून आला आहे. तो कोणी सोयीखातर ठरविलेला पूर्णांक नव्हे. मात्र सीझियमचा अणू बदलून जाण्यास जो वेळ घेतो तो आपल्या शतकगणनेत इतका नीट बसावा, हा योगायोगच म्हणावा लागेल.

सिमेंटकडे ह्या कामी पाहण्याची दृष्टी प्रारंभी अगदीच वेगळी होती. १९४६ पासून अमेरिकेने, आणि पुढे ब्रिटन व युरोपातील आणखी काही देशांनी, अपशिष्टाने भरलेली पिंपे खोल समुद्रात टाकली. पिंप तरंगू नये, बुडावे, म्हणून त्यात काँक्रीट ओतीत असत. जहाजावरील माणसांना प्रारणाचा उपद्रव कमी व्हावा हा आणखी एक उपयोग. म्हणजे सिमेंट तेथे वजन होते, फार तर आडोसा होते. त्याने आतील द्रव्य धरून ठेवावे अशी फारशी अपेक्षा नव्हती, कारण सारी भिस्त समुद्राच्या विस्तारावर होती. १९७२ च्या लंडन करारानंतर ह्या प्रथेला आळा बसत गेला, १९८३ मध्ये ती ऐच्छिक रीत्या थांबविण्यात आली, आणि १९९३ मध्ये तिच्यावर पूर्ण बंदी घालण्याचा निर्णय झाला. समुद्राचे दार मिटल्यावर जमिनीवरील सिमेंटवर जो भार आला तो वजनाचा नव्हता. धरून ठेवण्याचा होता.

हे धरून ठेवणे कसे घडते ते समजण्यासाठी आपल्या बोलीतील एक चूक आधी दूर केली पाहिजे. सिमेंट 'वाळले' असे आपण म्हणतो. ओले ते वाळते आणि वाळले की कठीण होते, हा अनुभव मातीच्या भिंतीवरून आणि शेणामातीच्या सारवणावरून आलेला आहे. सिमेंटला तो लागू पडत नाही. गवंड्याला हे पक्के ठाऊक असते. म्हणूनच स्लॅब ओतल्यावर तो त्यावर दिवसांमागून दिवस पाणी मारतो, ओली पोती अंथरतो, मसाल्याची बारीक आळी करून त्यांत पाणी कोंडून ठेवतो. सिमेंट लवकर वाळले तर ते कच्चे राहते. ते पाणी पिते, आणि पाणी पिऊनच त्याचा दगड होतो.

चुनखडी आणि चिकणमाती ह्यांचे मिश्रण सुमारे १,४५० अंश सेल्सिअसला भाजून जे खडे तयार होतात ते दळले म्हणजे पोर्टलँड सिमेंट होते. त्यातील मुख्य द्रव्ये कॅल्शियमची सिलिकेटे. पाण्याशी संयोग होताच त्यांपासून दोन पदार्थ उत्पन्न होतात. एक म्हणजे कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट, अतिसूक्ष्म पदरांचे, जवळजवळ निराकार असे जाळे. सिमेंटचे बळ ते हेच. दुसरा कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आपला ओळखीचा विरलेला चुना. ज्या पाण्याने ही क्रिया घडते ते पाणी दगडाच्या रचनेतच जाऊन बसते. अपशिष्टाच्या व्यवस्थेत सिमेंटला मान मिळाला त्याचे पहिले कारण हे. दूषित पाणी आटवून, ढवळून, त्याच पाण्याने सिमेंट कालविता येते. पाणी वेगळे काढून टाकावयास नको, भट्टी नको, उच्च तपमान नको. डांबरात किंवा प्लॅस्टिकात मिसळण्याच्याही पद्धती आहेत, परंतु ते पदार्थ जळतात. सिमेंट जळत नाही. शिवाय ते स्वस्त आहे, आणि ते कसे वागते ह्याचा अनुभव बांधकामामुळे सर्व देशांस आहे.

कृतीही साधी आहे. बहुधा २०० लिटरचे पोलादी पिंप घेऊन त्यात द्रव किंवा गाळ आणि सिमेंट घालतात व पात्याने ढवळतात. काही ठिकाणी ते पाते तसेच आत सोडून देतात. पाते धुतले तर धुवण हेही अपशिष्टच होऊन बसते, आणि ते घट्ट करावयास पुन्हा सिमेंट लागते! अन्य पद्धतींत मिश्रण बाहेर करून पिंपात ओततात, अथवा झाकण लावून पिंपच गडगडवितात.

परंतु येथे एक अडचण आहे, आणि पुढील सर्व विवेचन तिच्यापासून निघते. सिमेंट आपल्या वजनाच्या सुमारे २३ टक्के पाणीच रासायनिक रीत्या बांधून घेते. मिश्रण ढवळता यावे, ओतता यावे, म्हणून घालावे लागते ते ह्याहून पुष्कळ अधिक. हे जास्तीचे पाणी कठीण झालेल्या दगडातही सूक्ष्म छिद्रांतून राहते. ही छिद्रे एकमेकांस जोडलेली असतात. बाहेरून पाणी लागले की आतील विरघळलेले अणू ह्या वाटेने हळूहळू बाहेर सरकू लागतात. ह्या क्रियेस निक्षालन म्हणतात. दगड दिसावयास अभेद्य, पण सूक्ष्मदर्शकाखाली तो स्पंजच होय.

मग तो काही धरतो ते कशाच्या बळावर? चुन्याच्या बळावर. छिद्रांतील पाणी अतिशय अल्कधर्मी असते. त्याचा सामू आरंभी १३ च्याही वर असतो, आणि पुढे दीर्घकाळ १२.५ च्या आसपास राहतो. इतक्या अल्कधर्मी पाण्यात पुष्कळशा धातूंची हायड्रॉक्साइडे जवळजवळ विरघळतच नाहीत. कोबाल्ट, निकेल, थोरियम, प्लुटोनियम, अमेरिसियम ही सर्व ह्या वर्गातली. त्यांना छिद्राची वाट मोकळी असूनही चालता येत नाही, कारण चालावयास आधी विरघळावे लागते. स्ट्राँशियम हे कॅल्शियमच्याच कुळातले असल्यामुळे ते सिमेंटच्या पदरांत काहीसे सामावते. उत्तर जॉर्डनमधील माकारिन ह्या ठिकाणी अशा स्वरूपाचे नैसर्गिक अल्कधर्मी पाणी खडकांतून झिरपते, आणि सिमेंटच्या दीर्घकालीन वागणुकीचा अंदाज घेण्यासाठी तेथील खडकांचा अभ्यास झालेला आहे. मानवी प्रयोग काही दशकांच्या पलीकडे जात नसल्यामुळे निसर्गाने केलेला प्रयोग वाचावा लागतो.

सीझियमची गोष्ट मात्र निराळी. ते सोडियम-पोटॅशियमच्या वंशातले. त्याचे हायड्रॉक्साइड कितीही अल्कधर्मी पाण्यात सहज विरघळते. ज्या अणूसाठी तीनशे वर्षांचा हिशेब मांडला त्यालाच साधे सिमेंट नीट धरीत नाही! ह्या उणिवेवर उपाय म्हणून मिश्रणात बेंटोनाइट माती, व्हर्मिक्युलाइट, झिओलाइट अशी खनिजे घालतात. त्यांच्या स्फटिकरचनेत सीझियमचा आयन अडकून बसतो. सिमेंटसोबत व्हर्मिक्युलाइट वापरण्याचे प्रयोग भारतातही झालेले आहेत. काही अपशिष्टांच्या बाबतीत तर क्रम उलटा असतो: पाण्यातील सीझियम प्रथम झिओलाइटने टिपून घ्यावयाचे, आणि मग ते झिओलाइट सिमेंटमध्ये बसवावयाचे.

येथे परिभाषेचा पहिला खुलासा होतो. मसुद्यात 'घनीकरण' आणि 'स्थिरीकरण' हे शब्द पर्याय म्हणून योजले होते. ते पर्याय नव्हेत. घनीकरण ही पिंपाची अवस्था आहे: द्रव होता, दगड झाला, कलंडला तरी सांडत नाही. स्थिरीकरण ही अणूची अवस्था आहे: तो जागचा हलत नाही. साध्या सिमेंटमध्ये सीझियमचे घनीकरण होते, स्थिरीकरण होत नाही. कोबाल्टचे दोन्ही होते. ट्रिटियमचे उदाहरण आणखी बोलके आहे. ते हायड्रोजनचेच रूप असल्यामुळे पाण्याचाच घटक होऊन राहते. जेथे पाणी जाईल तेथे ते जाईल, आणि सिमेंटच्या छिद्रांत तर पाणीच आहे.

टेक्नेशियम-९९ चा प्रश्न ह्याहून बिकट, कारण त्याचे अर्धायुष्य दोन लक्ष वर्षांहून अधिक आहे. हवेतील ऑक्सिजनच्या संगतीत ते पाण्यात अगदी विरघळून जाणारे रूप धारण करते. अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यातील सॅव्हाना रिव्हर येथे १९९० पासून क्षारयुक्त अपशिष्ट द्रव सिमेंटी मिश्रणात कालवून काँक्रीटच्या प्रचंड कोठ्यांत ओतला जात आहे. तेथे दीर्घकाळ वापरलेल्या मिश्रणाच्या कोरड्या भागात पोर्टलँड सिमेंट केवळ १० टक्के, आणि झोतभट्टीची धातुमळी व औष्णिक वीजकेंद्राची राख प्रत्येकी ४५ टक्के. हे काटकसरीसाठी केले असावे असे प्रथम वाटते. परंतु धातुमळीत गंधकाची अशी संयुगे असतात की ती टेक्नेशियमचे क्षपण करून त्यास न विरघळणाऱ्या रूपात आणतात. शिवाय नुसते सिमेंट पाणी पिताना पुष्कळ उष्णता सोडते. मोठ्या ठोकळ्याचा गाभा तापतो, कड थंड राहते, आणि तडे जातात. मळी आणि राख ही क्रिया सावकाश घडवितात. टेक्नेशियमवरील हा उपाय मात्र ऑक्सिजन आत शिरेपर्यंतच चालतो; तडा जितका मोठा तितका ऑक्सिजनचा प्रवेश लवकर.

सर्वच अपशिष्टे सिमेंटशी नांदतात असे नाही. काही अणुभट्ट्यांच्या पाण्यात बोरिक आम्ल असते. बोरेटांमुळे सिमेंट धरतच नाही, दिवसच्या दिवस चिखल राहते. आधी चुना घालून बोरेटे बांधून टाकली तर ते धरते. यंत्रे धुण्यासाठी वापरलेली काही सेंद्रिय रसायने दुहेरी अपाय करतात: सिमेंटचे धरणे लांबवितात, आणि धातूंच्या अणूंना कवटाळून विरघळलेल्या स्थितीत ठेवतात, म्हणजे चुन्याने मिळविलेले सारे घालवितात. अ‍ॅल्युमिनियमचे तुकडे राहून गेले तर अल्कधर्मी पाण्याशी त्यांची क्रिया होऊन हायड्रोजन निघतो. सर्वांत फसवी म्हणजे रेझिने. साबुदाण्याच्या आकाराचे हे मणी सिमेंटमध्ये छान बसल्यासारखे दिसतात. पुढे पाणी लागले की ते फुगतात, आणि आतून पिंप फोडतात. म्हणून पिंपात रेझिनांचे प्रमाण हात राखूनच ठेवावे लागते. ह्यात व्यवहाराचा ताण उघड आहे: अपशिष्ट अधिक भरले तर पिंपे कमी, जागा कमी, खर्च कमी, कमी भरले तर दगड चांगला.

तयार झालेला दगड बरा की वाईट हे ठरविण्यासाठी परीक्षा आहेत. अमेरिकेच्या नियामक मंडळाने सिमेंटच्या नमुन्यांसाठी दर चौरस इंचास ५०० पौंड इतक्या दाबाला टिकण्याची शिफारस केली. घराच्या बांधकामातील काँक्रीट ह्याच्या कितीतरी पट टिकते, तेव्हा ही अट कडक नव्हे. नमुना ९० दिवस पाण्यात बुडवून पाहतात, तापवून-गोठवून पाहतात, प्रारणाखाली ठेवून पाहतात. निक्षालनाची परीक्षा सर्वांत महत्त्वाची. तिच्यातून 'निक्षालन-निर्देशांक' काढतात. तो ६ च्या वर असला की नमुना उत्तीर्ण. हा अंक लघुगणकी आहे, म्हणजे एकाने वाढला की अणूच्या सरकण्याचा दर दसपट घटतो.

ह्या सहाचा अर्थ काय, हे जाणण्यासाठी थोडा हिशेब करणे प्रस्तुत लेखकास आवश्यक वाटले. अंकांची भीती बाळगणाऱ्या वाचकांनीही तो पाहावा. निर्देशांक ६ म्हणजे विसरणाचा गुणांक दर सेकंदास चौरस सेंटिमीटरचा दशलक्षांश. साध्या, उघड्या पाण्यात सीझियमचा आयन ह्याच्या सुमारे वीसपट वेगाने पसरतो. म्हणजे उत्तीर्ण होण्याच्या सीमेवरील दगड हा उघड्या पाण्याच्या मानाने फक्त वीसपट अडवणूक करतो. अंतराचा वर्ग भागिले गुणांक ह्या ढोबळ सूत्राने पाहिले तर पिंपाच्या त्रिज्येएवढे, म्हणजे सुमारे ३० सेंटिमीटर, अंतर कापावयास त्या आयनास अंदाजे २८ वर्षे पुरतात. जवळजवळ एक अर्धायुष्य. निर्देशांक ८ असेल तर हाच काळ शंभरपट, म्हणजे २,८०० वर्षांच्या घरात जातो, आणि तेवढ्यात सीझियम उरतच नाही. एकाच परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या दोन दगडांत इतके अंतर असू शकते. हा हिशेब पिंप सतत वाहत्या पाण्यात बुडालेले आहे असे धरून केला आहे. प्रत्यक्षात पाणीच लागू द्यावयाचे नाही, अशी सारी योजना असते. म्हणजे दगडाची खरी राखण त्याच्यावरचे छप्पर करते.

हे छप्पर आणि ही योजना पाहण्यासाठी फ्रान्समधील मांश येथील केंद्राचे उदाहरण घेणे उपयुक्त आहे. देशाच्या वायव्येस, ला हाग येथील इंधन-प्रक्रिया केंद्राच्या शेजारी, हे केंद्र १९६९ मध्ये उघडले. पहिल्या काळात काही पिंपे उघड्या मातीच्या चरांतच ठेवली गेली. पुढे काँक्रीटचे चौथरे, काँक्रीटने सांधलेले ठोकळे आणि त्यांवर रचलेले ढीग अशी पद्धत आली. १९७६ साली येथून ट्रिटियम भूजलात उतरून जवळच्या ओढ्यात पोचले. १९९४ मध्ये शेवटचे पिंप आले तोवर सुमारे ५,२७,००० घनमीटर अपशिष्ट येथे जमा झाले होते. १९९१ ते १९९७ ह्या काळात त्यावर माती, वाळू व डांबरी पटल ह्यांच्या थरांचे आवरण चढविले गेले. आज तेथे गवताने झाकलेली, उतरत्या कडांची एक टेकडी दिसते. २००३ पासून केंद्र अधिकृतपणे देखरेखीच्या अवस्थेत आहे.

मूळ कल्पना अशी होती की, तीनशे वर्षांची देखरेख संपली की ही जमीन इतर जमिनीसारखी मोकळी करावी. १९९६ मध्ये मिशेल टुर्पँ ह्यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने ती नाकारली. आरंभीच्या वर्षांत आलेल्या अपशिष्टांत दीर्घायुषी द्रव्यांचे प्रमाण असे होते की, तीनशे वर्षांनंतरही तेथे मनास येईल तसे घर बांधू देणे योग्य होणार नाही. सिमेंट बिघडले म्हणून हे घडले नाही. पिंपात काय घातले, ह्याचे नियम पुढे जेवढे कडक झाले तेवढे आरंभी नव्हते. १९९२ साली शाम्पेन प्रांतातील ओब येथे जे नवे केंद्र उघडले त्यात स्वीकाराच्या अटी, काँक्रीटचे बंदिस्त कप्पे, भरताना वर सरकते छप्पर आणि तळाशी पाणी तपासण्याच्या वाहिन्या हे सर्व पहिल्यापासून आहे.

मांशची टेकडी ओळखणारे कोणी तीनशे वर्षे राहिले पाहिजे, आणि येथे विषय आपल्या विद्येच्या अंगणात येतो. केंद्राची सविस्तर कागदपत्रे टिकाऊ कागदावर दोन प्रतींत सिद्ध करण्यात आली आहेत. एक प्रत केंद्रावर, दुसरी राष्ट्रीय अभिलेखागारात. कागद टिकेल ह्याविषयी फारशी शंका नाही. आपल्याकडचा दाखला घ्यावयाचा तर तीनशे वर्षांमागे, म्हणजे पहिल्या बाजीरावाच्या अमदानीत, लिहिलेले कागद पुण्याच्या पेशवे दप्तरात आजही सुस्थितीत आहेत. परंतु ते मोडीत आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्यवहारात असलेली ही लिपी आज मराठीच्या पदव्युत्तर वर्गातील बहुतेक विद्यार्थ्यांना वाचता येत नाही, हे आपण दरसाल पाहतो. भाषा तीच, कागद तोच, शाई तीच. वाचणारा तेवढा गेला. तोही तीनशे वर्षांत नव्हे, अवघ्या दोन-तीन पिढ्यांत. मोडीचे अभ्यासवर्ग चालतात, वाचक तयार केले जातात, म्हणूनच ते दप्तर मुके झालेले नाही.

चिन्हमीमांसेचे अभ्यासक टॉमस सिबिऑक ह्यांच्याकडे अमेरिकेत हाच प्रश्न दहा हजार वर्षांच्या मापाने आला होता. १९८४ च्या अहवालात त्यांनी एकच संदेश कायम टिकविण्याचा नाद सोडून, दर तीन पिढ्यांनी तो नव्या भाषेत पुन्हा लिहावा अशी साखळी सुचविली. तिच्या रक्षणासाठी त्यांनी कल्पिलेल्या 'अणुपुरोहितां'ची पुष्कळ थट्टा झाली, आणि तीत तथ्यही आहे. संकटाचे ज्ञान एका वर्गाच्या हाती देण्याचे परिणाम आपल्या समाजाला वेगळे सांगावयास नकोत. तथापि पुनर्लेखनाचा त्यांचा मुद्दा थट्टेने खोडला जात नाही. मोडीचा अनुभव त्याच बाजूने साक्ष देतो.

भारतात पृष्ठभागाजवळची ही स्थाने सामान्यतः अणुकेंद्रांच्या आवारातच आहेत. आपल्या राज्यात तुर्भे व तारापूर येथे. अपशिष्टाच्या तीव्रतेनुसार दगडी अस्तराचे चर, सलोह काँक्रीटचे चर आणि जमिनीत उभ्या बसविलेल्या, आतून पोलादी अस्तराच्या नळकांडी असे तीन प्रकार योजतात. १९८७ च्या नियमांनुसार ह्यांवर नियंत्रण असते, आणि कशाची किती विल्हेवाट लावली ह्याच्या नोंदी ठेवणे हा त्या नियंत्रणाचाच भाग आहे. ह्या नोंदी कोणत्या भाषेत व कोणत्या लिपीत असाव्यात, हा विचार अभियांत्रिकीच्या विभागांना सुचण्याचे कारण नाही. भाषाविभागांना सुचावयास हरकत नसावी. तारापूरच्या परिसरात बोलली जाणारी भाषा तीनशे वर्षांनी कोणती असेल, हा आमच्या विद्येतील रास्त प्रश्न आहे.

आता त्या तीन प्रतिशब्दांकडे वळू. आंतरराष्ट्रीय परिभाषेत साठवण आणि विल्हेवाट ह्यांतील भेद हेतूवर आधारलेला आहे: पुढे परत काढावयाचे असेल तर ती साठवण, परत काढण्याचा हेतू नसेल तर ती विल्हेवाट. ह्या कसोटीवर 'स्थायी साठवण' हा शब्दप्रयोग स्वतःशीच भांडतो. 'निक्षेप' तर उलट्याच अर्थाचा. धर्मशास्त्रातील अठरा व्यवहारपदांपैकी ते एक आहे, आणि निक्षेप म्हणजे दुसऱ्याच्या विश्वासावर ठेवलेली, मागताच परत द्यावयाची ठेव. शब्द भारदस्त आहे म्हणून तो येथे आणला तर ज्याला संस्कृत येते त्याचीच दिशाभूल होईल. 'विल्हेवाट' हा शब्द काहींना हलका वाटतो, कारण बोलण्यात 'त्याने पैशाची विल्हेवाट लावली' ह्यात नासाडीची छटा येते. परंतु विल्हेस लावणे म्हणजे एखादी गोष्ट जागच्या जागी मार्गी लावणे. पुन्हा तिच्याकडे वळण्याचा हेतू त्यात नाही, आणि हीच नेमकी अर्थच्छटा हवी आहे.

उरला 'कायमची'. मूळ अरबी शब्दाचा अर्थ 'उभा असलेला, टिकून असलेला' असा आहे. पिंपाविषयी काय उभे राहते? पोलाद काही दशकांत गंजते. छिद्रांतला चुना हळूहळू वाहून जातो आणि हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड त्याची अल्कधर्मिता कमी करतो. सीझियम तेवढ्यात संपते. टेक्नेशियम संपत नाही. फ्रेंचांनी ह्या शब्दाशी जी झटापट केली ती उद्बोधक आहे. २००६ च्या त्यांच्या कायद्यात तात्पुरत्या ठेवणीस 'आंत्रपोझाज' आणि विल्हेवाटीस 'स्तोकाज' अशी वाटणी झाली, जरी स्तोकाजचा रोजच्या फ्रेंचमधील अर्थ साठा करणे हाच आहे. आणि त्या स्तोकाजची व्याख्या करताना ते केवळ 'कायमचे' न म्हणता 'संभाव्यतः कायमचे' असे क्रियाविशेषण जोडून म्हटले आहे. कायद्याच्या भाषेत असे शब्द चुकून येत नाहीत.

प्रस्तुत लेखकाने अभिप्रायात 'निक्षेप' गाळावा, 'साठवण' तात्पुरत्या ठेवणीपुरता राखावा, 'घनीकरण' व 'स्थिरीकरण' ह्यांच्या नोंदी वेगळ्या कराव्यात, आणि 'विल्हेवाट' हा शब्द 'कायमची' ह्या विशेषणावाचून घ्यावा, असे सुचविले. पहिल्या तीन सूचना मान्य झाल्या. चौथीवर एका रसायनशास्त्रज्ञ सदस्यांनी आक्षेप घेतला की, विशेषण नसेल तर वाचकास ती रोजच्या कचऱ्याची विल्हेवाट वाटेल. आणि हा आक्षेप निराधार नाही. त्या ठिकाणी काय घालावे ह्याचा निर्णय व्हावयाचा आहे. वाचकांपैकी कोणास योग्य शब्द सुचल्यास विभागाकडे कळवावा.